सांध्यावरचा ठोका

बाबा गेल्यावर आईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीच मला देता येत नव्हती. तिला त्या घरातून हलायचं नव्हतं.

राजेशला, माझ्या नवऱ्याला, दूर दक्षिणेला कॅरीत नवी नोकरी लागली होती. तो आणि आमची मुलगी शिवांगी मार्चमध्येच पुढे गेले होते. श्रूजबरीचं घर विकलं गेलं होतं आणि जूनअखेर ते नव्या लोकांच्या ताब्यात द्यायचं होतं. मी मागे राहिले होते ती सामान बांधायला आणि आईला घेऊन जायला. सामान जवळजवळ बांधून झालं होतं. आई बाबांच्या खोलीतल्या खुर्चीत बसून होती.

"तू जा," ती म्हणायची. "त्या नव्या लोकांना सांग, ही एवढी खोली मला ठेवा. भाडं देईन. हवं तर त्यांचा स्वयंपाकही करीन."

"आई, असं नसतं इथे."

"मग कसं असतं? कॅरी म्हणे. तिथे जाऊन काय कैरीचं लोणचं घालू? हे इथे आहेत."

'हे' म्हणजे बाबा. ते फेब्रुवारीत गेले होते. दूध फ्रिजमध्ये आहे असं आपण सांगतो, तितक्या सहज ती ते वाक्य बोलायची.

त्या खोलीत भिंतीच्या बुडाशी, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, बेसबोर्ड हीटरचा लांब पत्रा होता. या भागातल्या जुन्या घरांत असतो तसा. आत गरम पाण्याचा पाइप, वर पांढरा रंग दिलेलं झाकण. बाबांचा पलंग त्याला लागून होता. आता पलंग नव्हता. पण त्या पत्र्यावर, आतल्या बाजूने, कोणीतरी बोटाच्या पेराने ठोकावं तसा आवाज येत होता.

हे ठोके कुठून सुरू झाले ते सांगायला हवं.

बाबांनी आयुष्यातली वीसेक वर्षं एका नॉर्वेजियन कंपनीच्या मालवाहू बोटींवर काढली. इंजिनरूममध्ये. तिथले वरिष्ठ सगळे नॉर्वेचे, त्यामुळे ती भाषा त्यांच्या अंगवळणी पडली. पण घरी आल्यावर त्यातला एक शब्द कधी आमच्या कानावर पडला नाही. बोटीवरची भाषा ते बोटीवरच ठेवून यायचे, इंजिनरूमच्या बुटांसारखी, असं आई म्हणायची. निवृत्त झाल्यावर दोघं आमच्याकडे आले. बाबांनी तळघरातला बॉयलर ताब्यात घेतला आणि खूश राहिले.

मग त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर मराठी गेली, इंग्रजीही गेली. कित्येक आठवडे ते नुसते बघायचे. एका सकाळी क्विन्सिगमंड तळ्यावरून धुकं वर चढत खिडकीपर्यंत आलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "तोकेलूर."

आईला वाटलं काहीतरी खायला मागतायत. ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि तिथे जाऊन उभी राहिली, कारण काय आणायचं ते तिला माहीत नव्हतं. मी शोधून काढलं. तोके म्हणजे धुकं, लूर म्हणजे कर्णा. धुक्यात बोटी एकमेकींना आपण इथे आहोत हे सांगायला वाजवतात तो भोंगा.

हॉस्पिटलमधून मेगन नावाची तरुण स्पीच थेरपिस्ट यायची. जी भाषा येतेय ती येऊ द्या, असं तिने सांगितलं. दार कुठलं उघडलं ते महत्त्वाचं नाही, उघडलंय ना, त्यातून आत जा. तिची पद्धत अशी: रुग्णाचा डावा हात आपल्या हातात घ्यायचा, शब्द गाण्यासारखा लांबवून म्हणायचा आणि त्यात एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या प्रत्येक भागाला हाताने एक ठोका द्यायचा. बोलणं मेंदूच्या ज्या बाजूला असतं ती गेली तरी गाणं आणि ताल दुसऱ्या बाजूला शिल्लक असतात. रोज जेवणाआधी आम्ही हे करायचो. सुरुवातीला टेबलावर, मग पलंगाशेजारच्या त्या पत्र्यावर, कारण त्याचा आवाज बाबांना आवडायचा.

आणि इथेच आमची चूक झाली. आई ते शब्द देवनागरीत लिहून घ्यायची आणि अक्षरागणिक ठोका द्यायची. रेडनिंग्सव्हेस्त, म्हणजे पाण्यात पडल्यावर तरंगायला घालतात ते जाकीट. आई म्हणायची, रे, ड, निं, ग्स, व्हे, स्त. सहा ठोके, सगळे एका मापाचे, शाळेत पाढे म्हणतात तसे. बाबा तिचा हात झिडकारायचे. ज्या माणसाने जन्मात तिच्यावर आवाज चढवला नव्हता तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायचा. आई मला म्हणायची, "आता तू कर बाई. माझा हात यांना चालत नाही." मीही तसंच करायचे. आम्हाला दुसरं माहीतच नव्हतं.

शेवटी वुस्टरच्या लुथरन चर्चमध्ये चौकशी करून मी मिसेस लुंदेंना गाठलं. त्या लग्न होऊन नॉर्वेहून इथे आल्या त्याला पन्नास वर्षं झाली होती. आई त्यांना लुंदेबाई म्हणायची. पहिल्याच दिवशी त्या वेलची घातलेले बन घेऊन आल्या, त्यामुळे आईचं मत चांगलं झालं. वेलची घालतात म्हणजे माणसं बरी असणार.

लुंदेबाईंनी आमचं ठोकणं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

"तुम्ही खिमा करताय त्याचा," त्या म्हणाल्या. "आधी सांधा शोधा."

त्यांनी समजावलं ते असं. त्यांच्याकडे दोन शब्द शेजारी ठेवून एक करतात. मागचा सांगतो वस्तू काय आहे, पुढचा सांगतो कसली. मध्ये कधी एक 'स' किंवा 'ए' घालतात, दोन पत्र्यांमध्ये गॅस्केट घालावं तसा, आणि तो नेहमी पहिल्या तुकड्याच्या मालकीचा. शब्द फोडायचा तर आधी या सांध्यावर फोडायचा. मग एकेक तुकडा वेगळा घ्यायचा आणि त्यात जितके स्वर तितके ठोके. रेड, निंग्स, व्हेस्त. तीनच. पहिला ठोका जड, सांध्याशी किंचित थांबायचं, आणि मागचा तुकडा हलक्या हाताने.

त्यांनी बाबांचा डावा हात घेतला आणि पत्र्यावर तसं ठोकलं. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताने पुन्हा तेच ठोकलं, म्हटलं, आणि रडले.

मला तो दिवस पुष्कळदा आठवतो. शाळेत आम्ही संधी शिकलो. संधीत दोन शब्द भेटले की अक्षरं एकमेकांत विरघळतात, आणि कोणाचं काय गेलं ते विग्रह करून सांगावं लागतं. बाबांच्या या भाषेत काही विरघळत नव्हतं. बोल्ट काढले की दोन्ही तुकडे जसेच्या तसे हातात येत होते. ज्याचं बाकी सगळं विरघळलं आहे अशा माणसाला तीच भाषा का उरली असावी, हे मला तेव्हा थोडं कळल्यासारखं वाटलं.

नंतरच्या वर्षभरात बाबा नुसते आठवून बोलत नव्हते, शब्द तयार करत होते. चाकांच्या खुर्चीला त्यांनी स्तूलबोत म्हटलं, खुर्चीची बोट. लुंदेबाई हसून म्हणाल्या, "हा शब्द कुठल्याही कोशात नाही, आणि कुठल्याही नॉर्वेजियन माणसाला समजेल." मला ते बूकदात्तर म्हणायचे. पुस्तकलेक. आईला तेकोने.

"तेकोने म्हणजे काय हो, लुंदेबाई?" आईने विचारलं.

मी भाषांतर करून सांगितलं, "चहाची बायको."

"घ्या! चाळीस वर्षं संसार केला आणि शेवटी काय, तर चहावाली," आई म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

आई शेवटपर्यंत ठोके मात्र आपल्याच पद्धतीने मोजत राहिली. कान तयार झाला नाही तिचा. बाबांचा हात तिने पुन्हा धरला नाही, शेजारी बसून ती आपल्याच मांडीवर ठोकत राहायची.

फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला. शेवटचे दिवस तोंडावर मास्क होता आणि डावा हात सुयांनी आणि पट्ट्यांनी अडकवलेला. त्यामुळे शेवटचा म्हणावा असा शब्द नाही. मी हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून त्यांच्या बोटांकडे बघत होते. मला एक शब्द हवा होता. कसलाही चालला असता.

ठोके सुरू झाले ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. बाहेर बर्फ होतं, बॉयलर दिवसभर चालू होता. मी दुरुस्तीला माणूस बोलावला. त्याने गुडघ्यावर बसून झाकण काढलं, पाइप हाताने हलवून पाहिला आणि म्हणाला, तापला की पाइप लांबतो आणि ब्रॅकेटला घासतो, जुन्या घरांत होतंच. त्याने मध्ये फेल्टच्या जाड कापडाचे तुकडे घातले. तो होता तोवर आवाज आला नाही.

मे महिन्यात मी बॉयलर बंद केला. पाइप गार पडला. ठोके थांबले नाहीत.

ते भलत्या वेळी येत नसत. भर दिवसा, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, जेवणाच्या आधी यायचे, थेरपीच्या वेळेला. आई खुर्ची पत्र्याजवळ ओढायची, पदर सावरायची, आणि ठोके थांबले की मधल्या बोटाच्या पेराने उत्तर द्यायची. मग पुन्हा आतून. पलीकडच्या खोलीत भांडी कागदात गुंडाळताना मला तिचा आवाज ऐकू यायचा. "अहो, आज वरण-भात केलाय. आशू वांगी आणायला विसरली." आशू म्हणजे मी.

सुरुवातीला मला वाटलं तीच दोन्हीकडून ठोकते. दुःखात माणसं याहून विचित्र गोष्टी करतात. मी त्याबद्दल वाचलेलं होतं. मग एके दिवशी ती ओट्याशी कणीक मळत होती, दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. मी तिच्यासमोर उभी होते. आणि खोलीतून ठोके आले. आईने माझ्याकडे बघून हसू आवरलं, लग्नघरात नवऱ्याचं नाव कोणी घेतल्यावर हसतात तशी.

"जा," ती म्हणाली. "माझे हात कणकेचे आहेत. सांग त्यांना."

मी गेले नाही.

"काय म्हणतायत गं?" हे ती रोज विचारायची. मी कोश घेऊन बसले होते, हेही कबूल करते. कधी सहा ठोके, कधी चार. मी चार ठोक्यांचे शब्द शोधले, सहाचे शोधले. पण पहिला ठोका जड नव्हता. सगळे सारखे. कुठे शब्द जोडलाय तेच समजत नव्हतं.

"नीट लागत नाही, आई."

"एवढी पुस्तकं वाचतेस, आणि बापाचं बोलणं वाचता येत नाही तुला."

एकदा ती अंघोळीला गेलेली असताना मी त्या पत्र्यासमोर बसले. बाबांनी ठोकलं असतं तसं मी बूकदात्तर ठोकलं. एक जड. थांबले. दोन हलके. पाण्याचा आवाज येत होता. आईचं स्तोत्र चालू होतं. मग आतून उत्तर आलं, तीन ठोके. सपाट. मध्ये न थांबता. शिकवलेलं पुन्हा म्हणून दाखवणाऱ्या, पण अर्थ न कळलेल्या मुलासारखे. माझा हात पत्र्यावरच होता. पत्रा गार होता आणि ठोके तळहाताला लागले. मी हात काढून घेतला.

संध्याकाळी शिवांगीचा फोन आला. "मॉम, व्हेन आर यू कमिंग? डॅडी मेक्स ओन्ली मॅगी."

"लवकरच, राणी. आजीला घेऊन येते."

"आजी सेज शी इज नॉट कमिंग. आजी सेज आजोबा इज इन द वॉल."

आईने तिला सांगितलं होतं तर. मी राजेशला फोन दे म्हटलं. तो म्हणाला, "आशू, उचलून आण त्यांना. रागावल्या तर रागावू देत. अजून एक महिना तिथे राहिलात ना, तर दोघी येणार नाही तुम्ही." तो असं बोलणारा माणूस नाही.

निघायच्या आठवड्यात लुंदेबाई निरोप घ्यायला आल्या. पुन्हा वेलचीचे बन. आईने त्यांना बाबांच्या खोलीतच बसवलं, दुसरीकडे खुर्च्याही उरल्या नव्हत्या. तिने चहा केला आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, थांबा जरा म्हणावं. ठोके ऐकू येतील आता. त्यांना कळेल, त्यांची भाषा आहे." आईच्या तोंडावर असा उत्साह होता, घरातला मुलगा पाहुण्यांसमोर गाणार असावा तसा. मला लुंदेबाईंना काही सांगायची वेळच आली नाही. ठोके आले.

सहा. मग थोड्या वेळाने चार. पुन्हा सहा.

लुंदेबाईंनी कप बशीत ठेवला. मान एका बाजूला कलती करून त्या ऐकत राहिल्या, आणि त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ते ठोके आपोआप वाजवून बघू लागली. एकदा, दोनदा. मग बोटं थांबली.

"मला सांधा सापडत नाही," त्या मला इंग्रजीत म्हणाल्या. "तुझ्या वडिलांचं बाकी सगळं चुकायचं. सांधा कधी चुकला नाही." त्या पुन्हा ऐकू लागल्या. "हे कोणी बोलत नाहीये. कोणीतरी नुसतं मोजतंय."

"काय म्हणतायत त्या?" आईने विचारलं.

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. बदलून सांगायचं तेव्हा सुचलं नाही.

लुंदेबाई उठल्या. चहा अर्धा राहिला होता. व्हरांड्यात त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "निघणार कधी?"

"शनिवारी."

"जमलं तर आधी जा," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही.

मी आत आले तेव्हा आई पत्र्यासमोर जमिनीवर बसलेली होती. ती खाली बसत नसे, गुडघे दुखायचे. तिने मधलं बोट वाकवलं आणि मोठ्याने म्हणत ठोकलं, "रे, ड, निं, ग्स, व्हे, स्त."

आतून सहा ठोके आले.

"लि, व्ह, बो, त." ही जीवरक्षक होडी. बाबांच्या हाताने दोन ठोक्यांची. आईचे चार.

आतून चार आले.

तिने हात मांडीवर घेतला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बाजारात खोटं नाणं हातात आल्यावर माणूस ते उलटून बघतो, तसं काहीतरी होतं.

"हे माझा हात झिडकारायचे," ती म्हणाली. "असं ठोकलं की हे माझा हात झिडकारायचे, आशू. भिंतीकडे तोंड करून बसायचे. मेले तरी असं ठोकणार नाहीत."

"आई..."

"हे नाहीत ते." तिने पत्र्याकडे बोट दाखवलं नाही, नुसती मान वळवली. "हा दुसराच कोणी आहे. पहिल्यापासून दुसराच असेल. मी रोज इथे बसून ठोकत होते, आणि तो ऐकून ऐकून शिकला. माझ्याकडून शिकला, म्हणून चुकीचं शिकला."

आतून पुन्हा चार ठोके आले. कोणी विचारलं नव्हतं.

मी तिला हात दिला. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने साबण लावून बराच वेळ हात धुतले. मग लुंदेबाईंचा अर्धा चहा ओतून दिला आणि दोन्ही कप विसळले. मला वाटलं होतं तिने हट्ट सोडला की मला सुटल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. फेब्रुवारीत ती रडली नव्हती. त्या दिवशीही नाही. पण कप पुसताना ती एकदम इतकी लहान दिसली की मी दुसरीकडे बघितलं.

"माझी बॅग कुठे ठेवलीस?" तिने विचारलं. "आणि शनिवार कशाला? उद्या निघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकवाले उरलंसुरलं घेऊन गेले. आई पुढच्या सीटवर जाऊन बसली, मांडीवर डब्यांची पिशवी. तिने घराकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, खिडक्या तेवढ्या बघून येते.

घर रिकामं झालं की त्यातल्या खोल्या लहान होतात. बाबांच्या खोलीत गालिच्यावर पलंगाच्या पायांचे खळगे उरले होते. ऊन आत आलं होतं. मी खिडकीची कडी लावली आणि वळले.

एक जड ठोका. लगेच एक हलका. मग थांबणं, श्वास घ्यावा इतकंच. मग दोन, हलक्या हाताने.

मी उभी राहिले.

पुन्हा तेच. जड, हलका. सांधा. आणि मागचा तुकडा.

दोन तुकड्यांचा शब्द होता. मागचा सांगतो काय, पुढचा सांगतो कसलं. मी माहीत असलेले सगळे शब्द मनात लावून पाहिले. कितीतरी बसत होते, आणि त्यातला कुठलाच असण्याची गरज नव्हती, कारण बाबा नवे करायचे. बोटीवरचा असेल. त्या सकाळी केलेला असेल. हाच तो, मला हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून हवा होता तो, असं वाटून मी गुडघ्यांवर खाली बसले. हात पत्र्याच्या इतका जवळ होता की गारवा जाणवत होता.

मग मला आठवलं की मीही इथे ठोकलं होतं. एकदाच. एक जड, थांबून दोन हलके. शिकायला एकदा पुरतं की नाही, मला माहीत नाही.

बाहेरून आईने हाक मारली. "आशू! काय करतेस?"

मी तिला सांगितलं असतं तर ती गाडीतून उतरून आली असती. खुर्ची नसती तरी खाली बसली असती. ते बाबा असते तरी बसली असती, आणि नसते तरी. तिसऱ्यांदा ठोके आले, जरासे सावकाश, समोरच्याला समजलं नसेल म्हणून पुन्हा सांगतात तसे. मी उत्तर दिलं नाही. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ली ठरल्याप्रमाणे टपालपेटीत टाकली.

गाडीत बसले तेव्हा आई समोरच बघत होती. माझ्या गुडघ्यांना गालिच्याची धूळ लागली होती.

"इतका वेळ?"

"कडी बसत नव्हती."

मी गाडी रस्त्यावर घेतली. तळ्यावरचा पूल आला. पाण्यावर कोणीतरी वल्ही मारत चाललं होतं.

"किती होते?" आईने विचारलं.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "चार."

तिने मांडीवरची पिशवी नीट केली. "मध्ये थांबून?"

पुलाचे सांधे टायरखाली वाजत होते. मी ते संपायची वाट बघितली.

"नाही," मी म्हटलं. "सपाट. सगळे सारखे."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. मी आरशात बघून लेन बदलली. मग तिने मान हलवली, पिशवीतून रुमाल काढून उजव्या हाताचं मधलं बोट पुसलं, आणि कनेक्टिकट येईपर्यंत ती रुमाल हातात धरून बसली.